हात जरा हलू द्या, भाऊजी!

"हात हलवायचाय ना? त्यात काय एवढं! शेंबडं पोरसुद्धा हलवेल!" असं भाऊजी सकाळी आठ वाजता छातीठोकपणे म्हणाले होते. दुपारी दोनपर्यंत त्यांना त्याचा पुरेपूर पश्चात्ताप झाला.

भाऊजी म्हणजे दिग्दर्शकाच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बावीस वर्षं त्यांनी कारखान्यांसाठी यंत्रांचे माहितीपट काढले. यंत्र थरथरेल, पण भाऊजींचा हात? हलायचं नाव नको! आता मेव्हण्याने पहिलावहिला सिनेमा काढायला घेतला होता, तोही बहिणीच्याच स्वयंपाकघरात, कारण ते फुकट होतं. नायिकाही बहीणच, त्याच कारणासाठी. पडद्यावर छायाचित्रकार म्हणून एकदा तरी आपलं नाव यावं, एवढीच भाऊजींची हौस. आणि मेव्हण्याने जेवताना बजावलं होतं, "तीनपर्यंत शॉट नाही मिळाला, तर मी मोबाइलवर काढतो. मग नावही माझंच!"

शॉट तसा साधा. बाई पत्र वाचते आणि ओट्याला टेकून रडते. कॅमेरा हातात, जवळ कुणी माणूस उभा असल्यासारखा, किंचित हलता.

पहिल्यांदा भाऊजींनी जोर लावून हात हलवला.

"अहो भाऊजी, भूकंप झाला का?"

मग त्यांनी बेताने हलवला.

"आता होडीत बसल्यासारखं वाटतंय. मुद्दाम नका हलवू, आपोआप हलू द्या!"

"आपोआप हलत नाही रे बाबा!"

मग उपाय सुरू झाले. सहा वेळा जिना चढून-उतरून झाला. पाच कप कॉफी झाली. एका पायावर उभं राहून झालं, तेव्हा भाऊजी पडता पडता वाचले, पण चित्र जागचं हललं नाही! बायको मात्र दर वेळी इमानेइतबारे रडत होती. डोळे सुजले, नाक लाल झालं.

"अहो, हलवा की एकदाचा तो मेला हात!" सतराव्या वेळी ती कळवळून म्हणाली. "आता मला खरंच रडू येतंय!"

आणि आलंच. हुंदके भिंतीपलीकडे गेले.

धाडकन दार उघडून शेजारच्या मावशी आत आल्या. चाळीस वर्षं शाळा चालवलेली बाई! मेव्हणा चटकन फ्रिजमागे सरकला. मावशींना दिसली ती रडणारी बायको आणि तिच्या तोंडासमोर कॅमेरा धरून उभा असलेला नवरा.

"ती रडतेय आणि तू शूटिंग करतोस? लाज नाही वाटत?"

मावशींनी बायकोला जवळ घेतलं. तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि ती किती दमलीय हे भाऊजींना दिवसभरात पहिल्यांदा दिसलं. त्यांना मनापासून वाईट वाटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा हात थरथरला.

"हाच! हाच तो शॉट!" फ्रिजमागून आरोळी आली. तीनला पाच मिनिटं कमी होती.

पंधरा दिवसांनी घरीच सिनेमा बघायला सगळे बसले. संकलन भाऊजींच्या लेकीचं. भाऊजींचं नाव झळकलं, टाळ्या पडल्या. मग तो शॉट आला, अगदी भिंतीला खिळे मारून ठोकल्यासारखा!

"हा हलत का नाहीये?" मेव्हणा किंचाळला.

"मामा, बाबांचा तेवढा एकच शॉट हलला होता," लेक कौतुकाने म्हणाली. "त्यांचं नाव येणार, लोक काय म्हणतील? चार दिवस बसून कॉम्प्युटरवर सरळ केला!"

"आणि मूळचा?"

"पुसून टाकला. उगाच कुणी बघायला नको."

मेव्हण्याने सावकाश बहिणीकडे पाहिलं.

"बघू नकोस माझ्याकडे," ती उठत म्हणाली. "या वेळी हे रडतील. कॅमेरा मी धरते!"