रिकामं बसलेलं कनेक्शन

सूनबाईंची परीक्षा घरूनच होती. एका इंटरनेट कंपनीच्या तक्रार विभागातल्या नोकरीसाठी. ऐन परीक्षेत नेट गेलं तर पंचाईत नको, म्हणून घरात जुन्या कनेक्शनच्या जोडीला दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन घेतलं होतं. दोन्ही वायरी एका राउटरला जोडून देणारा माणूस नवरोबांना म्हणाला, "पहिलं बंद पडलं की दुसरं आपोआप चालू होईल. तोवर ते नुसतं बसून राहील."

ते नुसतं बसून राहणं नवरोबांच्या जिवाला लागलं. या गृहस्थांना घरात कुणी रिकामं बसलेलं बघवत नाही, एक स्वतः सोडून. माणसाची पाठ वळताच त्यांनी राउटरच्या सेटिंगमध्ये शिरून दोन्ही कनेक्शनांना निम्मं निम्मं काम वाटून दिलं. एकदा याची पाळी, एकदा त्याची. मग समाधानाने चहा प्यायले.

परीक्षा सुरू झाली आणि तिसऱ्याच प्रश्नाला सूनबाई साइटबाहेर फेकल्या गेल्या. पडद्यावर सूचना आली की आपण दोन ठिकाणांहून परीक्षा देत आहात. त्या पुन्हा आत शिरल्या, तर थोड्याच वेळात पुन्हा बाहेर. आता खाली लिहिलं होतं, आणखी एकदा असं झाल्यास उमेदवार बाद. घरी बसून कंटाळलेल्या सूनबाईंना ही नोकरी मनापासून हवी होती. त्यांनी तिथूनच नवऱ्याला हाक मारली.

"अहो, नेटला काय केलंत?"

"कुठे काय? उलट दोघांनाही कामाला लावलंय. एकाने राबायचं आणि दुसऱ्याने लोळायचं, बरं दिसतं का ते?"

"म्हणून मी त्यांना दोन ठिकाणी दिसतेय. आधी एक वायर काढा."

"कुठली काढू? नवी काढावी तर कालच आलीय. जुनी काढावी तर तिने इतकी वर्षं साथ दिलीय गं."

सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना नेटमधलं काही कळत नव्हतं, पण मुलगा पुरता कळत होता. त्या राउटरपाशी गेल्या आणि विचारलं, "यातली कुठलीही चालेल ना?" सूनबाईंनी मान हलवताच त्यांनी हाताला लागली ती वायर उपटली.

"आता तू बस," त्या मुलाला म्हणाल्या. "रिकामा."

सूनबाई आत शिरल्या आणि या वेळी आतच राहिल्या. वेळ संपत आला तेव्हा शेवटचा, सगळ्यात जास्त गुणांचा प्रश्न आला. ग्राहकाकडे दोन कंपन्यांची कनेक्शनं असून दोन्ही उत्तम चालतात, तरी साइट त्याला सारखी बाहेर काढते. कारण व उपाय लिहा.

सूनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून निमूटपणे रिकामे बसले होते. त्यांच्याबद्दल इतकं प्रेम सूनबाईंना बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. त्यांनी लिहिलं, राउटर दोन्ही कनेक्शनं आलटूनपालटून वापरतोय, त्यामुळे एकच माणूस दोन ठिकाणी दिसतो. उपायाला वेळ उरला नव्हता, म्हणून घाईघाईत सुचलं ते लिहून टाकलं: सासूबाईंना बोलवावे.

पुढच्या आठवड्यात विभागप्रमुखांचा फोन आला. सूनबाईंची निवड झाली होती. अभिनंदन करून झाल्यावर ते जरा घुटमळले.

"एक विचारू का? तुमच्या सासूबाईंना नोकरी करायची इच्छा आहे का?"