रूथबाईंचा तीन थरांचा केक

"त्यात काय आहे वं! मी बनवतो!" असं रंभा म्हणाली, आणि मंडळी, इथूनच सगळं सुरू झालं. केक हा पदार्थ रंभाने जन्मात पाहिलेला नव्हता, खाणं तर लांबच! पण शब्द देऊन बसली.

शब्द दिला होता रूथबाईंना. वडशाजवळच्या त्या लहानशा गावातल्या दवाखान्यात त्या नर्स होत्या, मूळच्या नगरकडच्या. रंभाचा धाकटा पायाळू आला तेव्हा घरच्यांनी देव पाण्यात ठेवले होते, आणि बाईंनी आई-लेकरू दोघांनाही हाताला धरून परत आणलं होतं. आता बाईंची बदली झाली. जाताना तुमाले काय देऊ, असं रंभाने विचारलं, तर त्या म्हणाल्या, "काही नको गं. घरातून कुणी लांब निघालं की आमची आई चॉकलेटचा केक करायची. तीन थरांचा. ती गेली, तेव्हापासून कधी तोंडात पडला नाही."

एवढं बोलून बाई हसल्या. रंभाला ते हसू काही बरं वाटलं नाही. बाईंनी गावाला इतकं दिलं आणि गावातून त्या कोरड्या तोंडाने जाणार? तिने कृती विचारून घेतली. बाईंनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "एक मात्र ध्यानात ठेव. थर घाईने एकावर एक चढवायचे नाहीत. खचतो."

हे शेवटचं वाक्य रंभाने जिवापाड जपलं. सगळा घोटाळा त्यानेच केला!

बाई शेवटच्या फेरीला आसपासच्या खेड्यांत निघून गेल्या, आणि इकडे रंभाने दोघी मैत्रिणींना बोलावलं. एक खैरुन. तिच्याकडे कोंबड्या होत्या, आणि तिचा नवरा बाबूभाई दुकानाचा माल आणायला नागपूरला जाई, म्हणजे अंडी आणि कोकोचा डबा दोन्ही तिच्याकडून. दुसरी गुणाबाई. गावातल्या निम्म्या घरांच्या मातीच्या भिंती गुणाबाईच्या हातच्या होत्या, आणि त्यातली एकही अजून वाकली नव्हती. हे ती दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचीच.

डबा उघडला. खैरुनने चिमूटभर कोको जिभेवर ठेवला आणि अंगणात जाऊन थुंकली. "या अल्ला! ये तो दवा है! कडू जहर!"

"मंग बरोबरच आहे न," गुणाबाई म्हणाली. "दवाखान्यातल्या बाईले दवाच आवडन!"

पीठ कालवलं, गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, ओतलं, गंज चुलीवर चढवला, वर परात ठेवून परातीत निखारे रचले. तिघी चुलीपुढे उकिडव्या बसल्या. थोड्या वेळाने रंभाने परात जरा उचलली आणि तशीच धरून राहिली.

"अवं गुणाबाई... वर येऊन राह्यलं!"

खरंच येत होतं! तळाशी ओतलेलं पातळ पीठ कुणी हात न लावता, आपल्या आपण, गंजाच्या काठाकडे चढत होतं. खैरुनने डोक्यावरचा पदर सारखा केला. गुणाबाईने हात जोडले. भात शिजताना, भाकर फुगताना तिघींनी जन्मभर पाहिली होती, पण हे काही वेगळंच होतं. आणि मग तो वास सुटला! गोड, खमंग, कधीच न घेतलेला वास. शेजारपाजारची माणसं धान झोडायचं सोडून कुडाशी येऊन उभी राहिली. म्हातारा मुखरू म्हणाला, "रंभे, असा वास इंद्राच्या दरबारातच असन वं." रंभाला भरून आलं.

तीन थर झाले. मऊ, लुसलुशीत. रंभाने बाईंचं वाक्य सांगितलं, आणि गुणाबाईचे डोळे चमकले.

"घाईनं नाई चढवायचे? खचते? अवं, हे तं भिंतीचं काम आहे! ओल्या थरावर थर देल्ला का भिंत बसलीच समज! याले ऊन दाखव. कडक ऊन!"

"पर ये तो खाने की चीज है," खैरुन म्हणाली.

"खायाची असो का राह्याची, थर तो थर!"

भिंतींच्या बाबतीत गुणाबाईपुढे बोलायची गावात कुणाची छाती नव्हती. थर छपरावर गेले. दिवसभर ऊन, सांजेला आत, सकाळी पुन्हा ऊन. एक कावळा आला, त्याने एक चोच मारली, मान वाकडी करून थरांकडे पाहिलं आणि उडून गेला. "पाह्य! कावऱ्यालेही मान ठेवावा वाटला!" गुणाबाई म्हणाली.

मग लोणी, साखर आणि कोको शिजवून लेप केला. गुणाबाईने थरावर थर बसवले, पंज्याने लिंपण केलं, पुन्हा ऊन दिलं आणि गुळगुळीत गोट्याने घोटून घोटून असं चकचकीत केलं, की रंभाला त्यात स्वतःचं कुंकू दिसलं. वर पिठीसाखरेच्या बोटांनी मोर, कमळं, भाताच्या लोंब्या. काम संपलं आणि तिघी मागे सरकून नुसत्या पाहत राहिल्या. हे आपल्या हातून झालं यावर त्यांचाच विश्वास बसेना! खैरुन हळूच म्हणाली, "रंभा, इसको काटने का दिल कैसे होगा?"

दिलाचा प्रश्न आलाच नाही, मंडळी.

निघायच्या दिवशी दवाखान्यापुढे छकडा जुंपलेला, सारा गाव जमलेला. केक पाहून रूथबाईंनी तोंडावर हात धरला. मग त्यांनी सुरी घेतली.

सुरी घसरली. पुन्हा लावली, वाकली. कुणी विळा आणला, विळ्याची धार गेली. केकावर ओरखडाही नाही! मोर तसाच मान वर करून उभा!

रंभाचं तोंड पांढरं पडलं. वडशाहून सुटणाऱ्या आगगाडीची वेळ होत आलेली, आणि बाई अशाच जाणार! ती गुणाबाईवर उसळली. "तुह्यामुळं झालं! ऊन दे, ऊन दे! लेकराची आई मी, काय तोंड दाखवू बाईले?" गुणाबाईसारखी गुणाबाई, पण खाली मान घालून उभी राहिली.

शेवटी सागाचं लाकूड चिरणारा वारलू पुढे झाला. त्याने केक धोतराच्या धुतल्या पानावर ठेवला, करवत लावली आणि मोठ्या आदराने ओढायला लागला. खर्र, खर्र! तांबूस भुसा पडू लागला. अख्खा गाव श्वास रोखून पाहत होता. दोन फाका अलग झाल्या, तर आत तीन सरळ थर, मध्ये लेपाच्या दोन रेघा, एक केसभरही वाकडी नाही! "वाह!" असं पहिल्यांदा वारलूच्याच तोंडून निघालं.

रूथबाईंनी चिमूटभर भुसा उचलला आणि जिभेवर ठेवला. डोळे मिटले. तो विरघळला असावा, कारण त्यांचा घसा हलला आणि गालांवरून पाणी ओघळलं.

"बाई," रंभाने भीत भीत विचारलं, "आईचा असाच होता जी?"

"नाही गं. आईचा मऊ असायचा. सांजेपर्यंत संपून जायचा." बाईंनी डोळे पुसले. "पण चव तीच. अगदी तीच! आणि हा तर मी रोज चिमूट चिमूट खाईन. वर्षभर पुरेल मला."

दोन्ही फाका त्यांनी लुगड्यात गुंडाळल्या आणि ट्रंकेत कपड्यांच्या मधोमध ठेवल्या. छकडा वडशाच्या वाटेला लागला. बायाबापड्या डोळ्यांना पदर लावून धुरळा बसेपर्यंत उभ्या होत्या.

रंभाने नाक पुसलं, कंबरेवर हात ठेवले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वर्षभर टिकन म्हनते बाई! म्हनून तं मी पह्यल्यापासून सांगून राह्यली होती न, कडक ऊन द्या म्हनून!"