नानांच्या तेराव्याला नाना हजर

आमच्या साकीनाक्याच्या ऑफिसात मला बघून प्रोग्रामर लोक जिना बदलतात. ऋतिकाने सॉफ्टवेअर तपासलं की त्यातली चूक निघालीच समजा! त्यामुळे एका केटररचं नवं ॲप माझ्याकडे आलं तेव्हा मी ऐटीत म्हटलं, "आणा, चिरफाड करते!"

बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत या केटररची स्वयंपाकघरं. गिऱ्हाईकाने ऑर्डर दिली की ती जवळच्या स्वयंपाकघरात जाणार आणि पाहुण्यांना आमंत्रणाचे मेसेज आपोआप सुटणार. मी फक्त खोट्या ऑर्डरी देऊन बघायच्या. टेस्टिंगचा सर्व्हर वेगळाच असतो, तिथून बाहेर माशीसुद्धा जात नाही.

बारसं झालं, मुंज झाली, डोहाळजेवण झालं. राहिलं तेरावं. खोटा पत्ता ॲप घेईना, म्हणून कांदिवलीचा आमचाच घातला. मयताचं नाव? पटकन सासऱ्यांचं, नानांचंच सुचलं. पाहुणे म्हणून मोबाइलमधले झाडून सगळे नातेवाईक ढकलले. जेवण आजच संध्याकाळी, कारण घाईची ऑर्डर झेपते का तेही बघायचं होतं. बटण दाबलं आणि चहाला गेले.

परत येते तो मोबाइल टेबलावर फुगडी घालतोय! पलीकडे सुगंधाआत्या, नानांची धाकटी बहीण.

"अगो, भाव जावन तेरा दिस झाले नि माका एक फोन नाय?"

"आत्या, नाना बरे आहेत हो!"

"बरेच असतले! सुटलो बिचारो तुमच्या हातातसून!"

फोन आपटला. लगेच नवऱ्याचा, देवेशचा. "ऋतिका, मला नानांच्या तेराव्याचं आमंत्रण आलंय. अगं, सकाळी तर पेपरवरून भांडले माझ्याशी!"

मी धावत हर्षदकडे गेले. ॲप त्यानेच लिहिलेलं.

"हर्षद, टेस्टिंगचा सर्व्हर कुठे जोडलायस?"

"दुपारी केटररला डेमो दिला ना, म्हणून खऱ्या स्वयंपाकघरांना जोडला. काढायचा राहिला यार. का, बग मिळाला?"

"बग कसला रे, सासरा गेला माझा!"

"अरेरे! मग ऑफिसात काय करतेयस? घरी जा ना!"

रिक्षातून केटररला फोन लावला. "ऑर्डर कॅन्सल करा, माणूस जिवंत आहे!" पलीकडचा गृहस्थ हळुवारपणे म्हणाला, "ताई, सुरुवातीला असंच वाटतं. धीर धरा. टेम्पो निघालाय." मी हुंदके द्यायला लागले. रिक्षावाल्याने बिचाऱ्याने गाणी बंद केली.

घरी पोचले तर दारात चपलांचा ढीग. टेम्पोवाल्याला दार उघडलं होतं खुद्द नानांनी. त्याने विचारलं होतं, "काका, मयत तुमचे कोण?"

आत सुगंधाआत्या नानांचा हात धरून रडत होती, मधूनच चिमटा काढून खात्री करत होती. वसईचे मावसकाका दुकान बंद करून आले होते आणि नाना जिवंत असल्याचा त्यांना स्पष्ट राग आलेला दिसत होता. मी हात जोडून सगळ्यांना सर्व्हर समजावला, डेमो समजावला, टेस्टिंग समजावलं.

शेवटी आत्या म्हणाली, "म्हणजे सासरो मेल्यार कसा होता, ता तू तपासून बघी होतंस?"

मी देवेशकडे बघितलं, तर तो पंख्याकडे बघत होता. धरणी दुभंगली असती तर मी खुशाल गेले असते, पण आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर!

आलोच आहोत तर जेवून जाऊ, असं कोणीतरी म्हणालं आणि पंगत बसली. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, खीर. नानांना मधोमध बसवलं. माझ्याशी कोणी अक्षर बोलत नव्हतं. मी वाढत होते आणि डोळे पुसत होते, त्यामुळे टेम्पोवाला तेवढा समाधानाने बघत होता.

नानांनी सगळं शांतपणे खाल्लं. मग बोटाने मला जवळ बोलावलं. आता घराबाहेर काढणार, या तयारीने मी खाली वाकले.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "वडे गार आहेत आणि खीर पातळ. खऱ्या वेळी दुसरीकडून मागव."

मी मान खाली घालून 'हो' म्हटलं.