अंगठा धरणारा माउस

मल्लिनाथअप्पांशी हात मिळवायचा तर हाताशी वेळ ठेवून मिळवावा. एकदा घेतलेला हात ते लवकर परत देत नाहीत. डोळे मिटून चाचपत बसतात आणि मग निदान सांगतात, "मास्तर, करंगळी उपाशी हाय तुमची."

उपाशी म्हणजे, माउस धरताना जिला टेकायला जागा मिळत नाही ती. अप्पा माझे शेजारी. यंत्रमागाच्या सुट्या भागांचे लाकडी साचे करण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर पुण्याच्या एका कंपनीसाठी ते गेमिंगच्या माउसचे आकार घडवू लागले. तासन्‌तास खेळून पोरांची मनगटं आखडतात, ती आखडू नयेत असा आकार कंपनीला हवा होता. अप्पांनी स्वतः आयुष्यात एकही गेम खेळलेला नाही. "हात खोटं बोलत न्हाई," एवढंच त्यांचं शास्त्र.

त्यांच्याकडे गेलं की चहाच्या आधी कणकेचा गोळा येतो. त्यावर पंजा दाबायचा. पडलेल्या खळग्यात अप्पा प्लास्टर ओततात. त्यांच्या खोलीतल्या फळ्यांवर आमची निम्मी गल्ली पंजे पसरून पडली आहे, मनगटावर पेन्सिलीने नावं. त्यातली तीन माणसं आता हयात नाहीत. ते पंजे काढून टाका म्हटलं, तर म्हणाले, "माणूस गेलं. माप कुटं गेलंय?" त्या फळ्यांकडे मी कधी पाठ करून बसत नाही.

परवा कंपनीचा निरोप आला. दोन वर्षं खपून केलेला आकार सगळ्यांना पसंत पडला होता, फक्त डाव्या बाजूचा उंचवटा काढायचा. ज्यांनी ज्यांनी खेळून पाहिलं, त्यांची एकच तक्रार होती. कुणीतरी अंगठा धरून ठेवतंय म्हणे. उंचवटा गेला तरच माउस बाजारात येणार होता.

मी हसलो. अप्पा हसले नाहीत. त्या उंचवट्याचं माप गौराक्काचं, त्यांच्या बायकोचं होतं. शेवटच्या आजारात त्यांनी तिच्यापुढे गोळा धरला, पण दाबायची ताकद तिच्यात उरली नव्हती. म्हणून अप्पांनी तिचा हात आपल्या हातात घेऊन दाबला, तर तिने त्यांचा अंगठाच धरला आणि सोडला नाही.

"एकटीचा पंजा उठलाच न्हाई, मास्तर. धरल्याला अंगठाच उठला."

भर दुपारी, माझ्यासमोर, त्यांनी कानस घेतली आणि तो उंचवटा घासायला बसले. मध्येच थांबून कानडीत काहीतरी पुटपुटायचे. मला कानडी येत नाही, पण कुणाला तरी विचारणं चाललंय, एवढं कळत होतं. शेवटी पॉलिश पेपर फिरवून त्यांनी माउस माझ्याकडे सरकवला.

"तुमी बघा. माझ्या हाताला तिची सवय हाय, त्याला भास हुईल. तुमचा हात परका."

काही झालं तरी 'ती आहे अजून' म्हणायचं, म्हाताऱ्याचं मन राखायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. हात ठेवला. बाजू गुळगुळीत होती, नखालासुद्धा काही लागत नव्हतं. आणि कुणीतरी माझा अंगठा हळूच धरला.

"धरलाय?" अप्पांनी विचारलं.

"धरलाय."

माझ्या शब्दावर ते कुठले विसंबायला. त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि डोळे मिटले. बाहेर सोलापूरचं ऊन रणरणत होतं आणि माझे हात गार पडले होते. भीती वाटत होती, रडूही येत होतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी हात सोडला. माउस कापसात गुंडाळून कंपनीला पाठवायच्या खोक्यात ठेवला. झाकण मात्र लगेच लावलं नाही.

"एकटं ऱ्हायाची सवय न्हाई तिला," ते म्हणाले. "जाऊ द्या. तितं कुणाचा ना कुणाचा हात असंल की."