आमचा आर्य कसला खेळतोय

इलिनॉयमधल्या शॉमबर्गपासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या 'प्रेअरी बॅजर्स' या बेसबॉल क्लबात जून महिन्यात एक गंभीर प्रकार उघडकीस आला. आर्य नावाचा एकोणीस वर्षांचा खेळाडू सलग अकरा सामने चेंडू बॅटने मारत होता.

हा क्लब मायनर लीगमधला, म्हणजे मोठ्या लीगकडे जाणाऱ्या जिन्याची अगदी खालची पायरी. मैदानात नऊ पोरं खेळतात आणि ती खेळतायत की नाही हे बघायला वर काचेच्या खोलीत एकतीस माणसं बसतात. पोरं कोवळी, म्हणून त्यांचा विकास करावा लागतो; आणि विकास करायचा म्हटला की आधी काहीतरी बिघडलेलं सापडावं लागतं. आर्यच्या बाबतीत तेच सापडेना. शेवटी संगणकाने शोध लावला, की हा पोरगा ज्या तऱ्हेने बॅट फिरवतो त्या हिशेबाने तो बाद व्हायला हवा होता. तो होत नव्हता, म्हणजे चूक त्याचीच. त्याचे लागलेले फटके 'नशीब' या रकान्यात गेले, न लागलेले 'क्षमता' या रकान्यात, आणि आर्यला सुधारणा आराखड्यावर घेण्यात आलं.

आर्यची आजी नीलांबरीबाई. शिक्षण चौथी, तेही अर्धवट, कारण मास्तरांशी वाद झाला आणि मास्तर हरले. मुलगा सुमंत आणि सून दोघं ऑफिसात, म्हणून तीन महिन्यांच्या आर्यला बाईंनी मांडीवर घेतलं ते सहा फूट दोन इंच करूनच खाली ठेवलं. तो सरावाहून आला की पहिली झडती त्यांची.

"आज काय शिकवलं रे?"

"आजी, दे चेंज्ड माय स्विंग. आता मी बॅट खालून वर नेतो."

"आधी लागत होता ना चेंडू?"

"हो, बट फॉर द राँग रीझन्स."

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बॅटच्या मुठीला एक यंत्र, छातीला एक पट्टा, बोटात झोप मोजणारी अंगठी. बाईंच्या लग्नात बाईंच्या अंगावर एवढे दागिने नव्हते.

आराखड्याला यश आलं. जुलैच्या पहिल्या दोन आठवड्यांत आर्यची बॅट चेंडूला ओळीने सव्वीस वेळा लागली नाही, आणि काचेच्या खोलीत आनंदीआनंद झाला. आधी तो हळू चुकायचा. आता तो झपाट्याने चुकत होता. 'आपल्या खेळाडूचे चुकणे वरच्या पायरीच्या तोडीचे झाले आहे,' असं पत्र घरी आलं, आणि सोबत आकडा चाळीसचा पंचावन्न. तिथे मोजमाप वीस ते ऐंशी असतं. वीसच्या खाली कुणी पडत नाही, ऐंशीच्या वर कुणी चढत नाही.

"मग वरचे वीस कुणाच्या घरी जातात?" बाईंनी विचारलं.

महिनाअखेरीस एका पोराला वरच्या पायरीवर पाठवायचं होतं आणि आर्यचं नाव पहिलं होतं. फक्त 'स्वभाव' हा एक रकाना भरायचा राहिला होता. तो भरायला खेळाडूला प्रत्यक्ष वाढवणाऱ्या माणसाची मुलाखत लागते. आर्यने तिथे प्रामाणिकपणे आजीचं नाव लिहिलं. रकाना भरला की तो वर जाणार, नाही भरला तर बॅटी घेऊन घरी. आठवडाभर त्याला झोप नव्हती. अंगठीने तेही क्लबाला कळवलं.

गुरुवारी दुपारी स्वभाव-मूल्यमापन उपसंचालक मिस्टर व्हिटकर घरी आले. बाईंनी बैठक आवरली, पोहे केले, वर ओलं खोबरं पेरलं, आर्यला चांगला शर्ट घालायला लावून समोर बसवला आणि 'मान वर करून बस' असं सांगितलं. हा कार्यक्रम त्यांना कुणी शिकवायला नको होता. त्यांनी स्वतः वीसेक पोरी अशाच बघितल्या होत्या. फरक एवढाच की त्यातल्या कुणालाही सकाळी दाढी करावी लागली नव्हती.

बाईंचं इंग्रजी भाजीच्या दुकानापुरतं, म्हणून दुभाषा आर्यच. 'ऐकेन ते शब्दशः सांगेन, पदरचं घालणार नाही,' या कागदावर त्याची सही घेण्यात आली.

व्हिटकर साहेबांनी सभ्यपणे सुरुवात केली. "तुम्ही फार गुणी मुलगा वाढवलाय."

आता परक्या माणसाने तोंडावर नातवाची स्तुती केली, की घरच्या बाईने काय म्हणायचं असतं? 'हो, आहेच गुणी' म्हणायचं? जनाची नाही तर मनाची! शिवाय दृष्ट लागते ती वेगळीच. बाईंनी रीतीप्रमाणे हात झटकला.

"छे हो, कसला गुणी! नुसता ऐतोबा आहे मेला. दहाशिवाय डोळा उघडत नाही."

आर्यचे कान लाल झाले. "शी सेज... आय ॲम लेझी. आय डोंट वेक अप बिफोर टेन."

साहेबांचं पेन हातातून निसटलं. अकरा वर्षांत त्यांनी चारशे घरं पालथी घातली होती. प्रत्येक घरातलं पोर पहाटे पाचला उठत होतं आणि आईला भांडी घासू लागत होतं. असं वाक्य त्यांच्या कानांवर आजवर पडलं नव्हतं.

"पण मेहनत करतो," त्यांनी खडा टाकून पाहिला.

"मेहनत? पाण्याचा पेला जागचा हलवत नाही. जेमतेम आहे हो आमचा. तुमच्यासारख्यांच्या पदरी पडलाय म्हणून निभावतंय."

आर्यने सांगितलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "आजी, प्लीज, बस ना."

किती लाजतोय, बाईंना वाटलं. वळण आहे पोराला! त्यांना आणखी चेव चढला.

"कठीण प्रसंगी डगमगतो का?" साहेबांनी विचारलं.

"झुरळ दिसलं की सोफ्यावर चढतो." हे मात्र खरं होतं.

"तुमच्या मते तो मोठ्या लीगमध्ये पोचेल?"

एवढी मोठी इच्छा अशी उघड्यावर बोलतात? बाईंनी टेबलाखाली दोन्ही हात जोडले आणि वर तोंडाने म्हणाल्या, "भलतंच काय! कुठला पोचतोय! गल्लीत खेळला तरी पुष्कळ झालं."

आर्यने तेही शब्दशः सांगितलं.

साहेब तीनदा पोहे खाऊन गेले. बाईंनी लगेच मीठ-मोहऱ्या ओवाळून शेगडीवर टाकल्या. स्मोक अलार्म कोकलला, आर्य खुर्चीवर चढून टॉवेल हलवू लागला, आणि अंगठीने त्याची 'घबराट' क्लबाला पोचवली.

"झकास झालं," बाई म्हणाल्या. "एक शब्द वावगा गेला नाही."

सोमवारी एकाच पाकिटात दोन कागद आले. पहिला आर्यला: विश्वसनीय कौटुंबिक स्रोताच्या आधारे आपणास क्लबातून मुक्त करण्यात येत आहे. दुसरा बाईंना: गेल्या अकरा वर्षांतील एकमेव निःपक्षपाती निरीक्षक म्हणून आपणास मूल्यमापन विभागात नेमण्यात येत आहे.

बाईंनी त्याच पावली सुमंतला ऑफिसातून बोलावून घेतलं, आर्यला गाडीत कोंबलं आणि क्लब गाठला.

"अहो, ते मी असंच म्हणाले होते! हिरा आहे माझा नातू, हिरा!"

या वेळी दुभाषा सुमंत. व्हिटकर साहेब हळहळले. "घरच्यांनी केलेली स्तुती आम्ही नव्वद टक्के वजा करतो. निंदा पूर्ण धरतो."

"मग तुमच्याकडे खरं बोलायची काय सोय आहे?"

"नोकरी घ्या. मग तुमचं सगळंच खरं धरू."

"घेतली. पहिला आर्यलाच बघते."

"नात्यातल्या माणसाचं मूल्यमापन करता येत नाही."

"मग गुरुवारी काय केलंत, पोहे खाल्लेत नुसते?"

"ते नेमणुकीच्या आधीचं."

बाईंनी पदर खोचला. "आई, मी हे ट्रान्सलेट करणार नाही," असं सुमंत आधीच म्हणाला, तेव्हा त्या स्वतःच्या इंग्रजीत बोलल्या. "यू गो होम. आस्क युवर ग्रँडमदर, हाऊ आर यू!" साहेबांनी मान डोलावून ते टिपून घेतलं. क्लबात आता कर्मचाऱ्यांच्या आज्यांच्याही मुलाखती होतात, आणि एकतीसपैकी नऊ माणसं मुक्त झाली आहेत.

परतीच्या वाटेवर आर्य खिडकीबाहेर बघत होता. तसाच बघत म्हणाला, "आजी, तुला खरंच तसं वाटतं? की मी पोचणार नाही?"

"वेडा की काय तू! ते पाहुण्यांसमोर म्हणायचं असतं."

"ओके. बट पाहुणे गेल्यावर तू दुसरं काही कधी म्हणालीच नाहीस."

सुमंतने आरशातून दोनदा मागे पाहिलं. आई बोलत का नाही, म्हणून तो घाबरला होता.

आर्यने पुन्हा आपली जुनी बिनयंत्राची बॅट काढली आणि परराज्यातल्या ॲन आर्बरच्या पलीकडच्या एका लहानशा क्लबात चाचणीसाठी नाव दिलं. रविवारी दुपारी निघायचं होतं. नेमक्या त्याच दुपारी भारतीय दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरून मिठाई घेऊन परतताना मंडळातल्या सुवर्णा आणि आणखी तिघी बाईंकडे टेकल्या. चहा झाला. क्लबाची हकीकत सगळ्यांना ठाऊक होती, पण कुणी विषय काढला नाही.

"काही म्हणा हं नीलांबरीताई," सुवर्णा हळहळत म्हणाली, "मी पाहिलाय आर्यचा खेळ. काय सुंदर मारतो हो!"

बैठक थांबली. 'छे हो, कसला' ऐकायला चौघींच्या माना आधीच तिरक्या झाल्या होत्या. पलीकडच्या खोलीत आर्य बॅग भरत होता. तिथला चेनचा आवाज मध्येच बंद पडला.

नीलांबरीबाईंनी कप खाली ठेवला.

"मारतोच," त्या म्हणाल्या, आणि भिंतीपलीकडे जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या. "त्याच्यासारखा चेंडू अख्ख्या इलिनॉयमध्ये कुणी मारत नाही. आणि मोठ्या लीगमध्ये तो जाणार. मी वाढवलाय त्याला, मला विचारा!"

एकीने बिस्कीट परत बशीत ठेवलं. सुवर्णाला एकदम आठवलं की गाडी भलत्याच ठिकाणी लावली आहे. चौघी गेल्या, आणि गाडीचं दार लागायच्या आत पहिलं वाक्य झालं: "बाईंना केवढा गर्व, बाई!"

तुम्हीही आत्ता मनातल्या मनात तेच म्हणालात. म्हणा, कोण अडवतंय! फक्त जरा हळू म्हणा. शेजारच्या खोलीत तुमचंही पोर आहे, आणि त्याला अजून तुम्ही काहीच सांगितलेलं नाही.