मॅडम आज हजर आहेत

क्रांती मॅडम गेल्याचं विद्यापीठाला सोमवारी कळलं. त्या वारल्या होत्या शुक्रवारी संध्याकाळी, मिरजेच्या दवाखान्यात. पण शनिवार दुसरा होता आणि रविवारी सुट्टीच होती. त्यामुळे लोणंद रस्त्यावरच्या त्या विद्यापीठाच्या हिशेबी त्या सोमवारी अकरा वाजेपर्यंत जिवंत होत्या. अकराला फळ्यावर खडूनं बातमी लिहिली गेली. बाराला सभागृहात सगळे दोन मिनिटं उभे राहिले. केरबा शिपाई तेवढा दहा मिनिटं उभा राहिला, कारण त्यानं डोळे मिटले होते आणि सभा संपल्याचं त्याला कुणी सांगितलं नाही.

मॅडम साहाय्य कक्षाच्या प्रमुख होत्या. खोली नंबर सात. कुणाला वसतिगृहात जागा हवी, कुणाला पुस्तकं हवीत, कुणाला अर्ज भरता येत नाही, कुणाला नुसतं बसून रडायचं आहे, अशी सगळी पोरं तिथं जायची. प्राध्यापकही जायचे, संशोधनाचे प्रस्ताव घेऊन. फक्त ते आधी इकडंतिकडं बघून मग आत शिरायचे.

तीन आठवड्यांनी मॅडमच्या मालकांना, म्हणजे लालासाहेबांना, विद्यापीठाचं पत्र आलं. पत्रात तीन कामं होती. कपाटाची किल्ली जमा करावी, मॅडमचं सामान न्यावं, आणि मृत्यूचा दाखला आस्थापना विभागात द्यावा. लालासाहेब फौजेत चोवीस वर्षं गाडी चालवून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. कामं ज्या क्रमानं सांगितली त्याच क्रमानं करायची, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. बुधवारी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, दाखल्याची चौकोनी घडी करून खिशात ठेवली आणि स्कूटर काढली.

दहा सत्तावीसला ते दारातून आत आले. भिंतीवर हजेरीचं मशीन होतं. चालता चालता त्यांनी त्यावर अंगठा ठेवला आणि पुढं निघाले.

"धन्यवाद," मशीन बाईच्या आवाजात म्हणालं.

लालासाहेब दोन पावलं जाऊन थांबले. मागं वळून बघितलं. काचेवर क्रांती मॅडमचा हसरा फोटो उगवला होता. खाली नाव. त्याखाली हिरव्या अक्षरांत 'हजर'.

यात भुताखेताचं काही नव्हतं. मॅडमच्या कॅन्सरच्या गाठीवर ज्या गोळ्या चालू होत्या, त्यांनी बोटांची कातडी सोलून निघाली होती. बोटांवरच्या रेषा गेल्या. मशीन त्यांना ओळखेना. रोज "पुन्हा प्रयत्न करा" म्हणायचं. शेवटी मशीनची किल्ली ज्याच्याकडं असायची त्या केरबानंच सुचवलं होतं, "आवं सायेब, रोज सोडायला तुमीच येताय न्हवं? तुमचाच अंगठा घालू की मॅडमच्या नावावर!" तेव्हापासून आठ महिने सकाळी आणि संध्याकाळी लालासाहेबांनी बायकोच्या नावानं अंगठा लावला होता. हाताला सवय झाली होती. हाताला कुणी बातमी सांगितली नव्हती.

समोरून केरबा कुंडीला पाणी घालायची झारी घेऊन येत होता. त्यानं फोटो बघितला आणि जागच्या जागी खाली बसला. झारी तिरकी होऊन पाणी त्याच्याच पायावर पडत राहिलं.

"सायेब, ह्ये काय केलं?"

"काय केलं?"

"मॅडमना हजर केलं तुमी!"

"मग काढ की रं नाव. तुझ्याकडं मशीनची किल्ली हाय."

"एकदा लागलेली हजेरी निघत न्हाई. आन निघत असती तरी मी हात लावला नसता," केरबा म्हणाला. "त्या बघत्यात माझ्याकडं."

तेवढ्यात लालासाहेबांच्या खिशातला फोन वाजला. केरबाचाही वाजला. वरच्या मजल्यावर कुठंतरी अजून एक वाजला, मग दोन, मग जिन्यातून खाली येईल असा आवाजांचा घोळका.

मॅडमनी संगणक विभागाच्या पोरांकडून एक सोय करून घेतली होती. त्यांची हजेरी लागली, की रांगेत नाव असलेल्या सगळ्यांना आपोआप निरोप जायचा. निरोपाचे शब्द मॅडमचेच. बुजरी पोरं येत नाहीत, म्हणून मुद्दाम तसे लिहिलेले. त्या दिवशी रांगेत एकशे त्रेचाळीस जण होते. सोय चालते की नाही हे बघायला मॅडमनी लालासाहेबांचा आणि केरबाचा नंबरही त्यात घातला होता. रोज स्कूटर फाटकाबाहेर पडेपर्यंत तो निरोप त्यांच्या खिशात येऊन पडायचा.

"मी आले आहे. खोली सात. घाबरू नका, या. – क्रांती मॅडम."

लालासाहेबांनी तो वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. वरच्या मजल्यावर एक मुलगी किंचाळली आणि एका वर्गाचं दार आतून लावून घेतल्याचा आवाज आला.

सांगितलेलं काम करणं भाग होतं. ते सात नंबरला गेले. केरबानं खोलीची किल्ली वऱ्हांड्यातून लांबूनच फेकली. आत पंखा फिरत होता. खिडकी बंद, दार बंद, आणि पंखा सावकाश फिरत होता. लालासाहेबांनी बटण बघितलं. चालूच होतं. शेवटच्या दिवशी दुखायला लागल्यावर मॅडमना उचलूनच गाडीत घातलं होतं. कोण पंखा बंद करणार? तीन आठवडे तो रिकाम्या खुर्चीला वारा घालत होता. खुर्चीच्या पाठीवरची शाल हलत होती.

लालासाहेब त्या खुर्चीत बसले नाहीत. समोरच्या, येणाऱ्यांसाठीच्या स्टुलावर बसले. बरोबर त्याच वेळी जमीन हलली.

एरवी सातारकर कोयनेच्या धक्क्याचं काही मनावर घेत नाहीत. चहाचा कप बशीतून उचलून धरतात आणि धक्का संपला की पुढचा घोट घेतात. पण आज कपाट थडथडलं, टेबलावरच्या मॅडमच्या कपावरचं झाकण किणकिण वाजलं, आणि सगळी इमारत अर्ध्या मिनिटात बाहेरच्या मैदानात रिकामी झाली. सगळ्यांत पुढं उपकुलसचिव शंभूराज साहेब होते. मागून केरबा ओरडत होता, "आल्या! आल्या!"

आत उरले लालासाहेब. आणि मैदानातून उलटी आत आलेली एक मुलगी. अंगानं काटक, हातात प्लास्टिकची फाईल. तिनं दारातून आधी खुर्चीकडं बघितलं, मग पंख्याकडं, मग लालासाहेबांकडं.

"मॅडम हायेत का?"

"न्हाईत, बाई. मी त्यांचा मालक."

"मेसेज आलाय, मी आले म्हणून."

"तो माझ्या अंगठ्यानं गेला. चुकून."

"मग खरंच न्हाईत?"

"न्हाईत."

मुलगी दाराच्या चौकटीला टेकली. "मला वाटलं, आल्याच असतील तर तेवढी मंजुरी घ्यावी."

"भ्या न्हाई वाटलं?"

"लय वाटलं, काका. पण आज पाचपर्यंतच मुदत हाय."

तिचं नाव सोनिया. जत भागातली, मेंढरांमागं वाढलेली. मेंढ्यांच्या रोगावर काम करायला बंगळुरूच्या एका संस्थेनं तिला सहा महिन्यांसाठी निवडलं होतं. फक्त साहाय्य कक्षाच्या प्रमुखाची मंजुरी संगणकावरून जायला हवी होती. मॅडमनीच तिला अर्ज करायला लावलं होतं. तिच्या घरातलं कुणी आजवर जिल्ह्याबाहेर गेलं होतं ते मेंढरं घेऊन. आज पाच वाजून गेले की तिची जागा दुसऱ्याला जाणार होती.

"मग दुसरं कुणी सही करणारं न्हाई का?"

"हाय की. शंभूराज सर. कालच त्यांना चार्ज दिलाय."

शंभूराज साहेब आलेच. पण उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले. मागं केरबा, त्याच्या मागं दोन कारकून.

"हवालदारसाहेब, तुम्ही घोटाळा करून ठेवलाय," ते म्हणाले. "मी साडेदहाला बसलोच होतो या मुलीची मंजुरी द्यायला. बटण दाबलं. काय म्हणतंय माहितीये? 'कक्षप्रमुख हजर आहेत. आपणास अधिकार नाही.'"

"मग सांगा त्याला, त्या न्हाईत म्हणून."

"त्याला तोंडी चालत नाही. दाखला लागतो. आणि आत्ता दाखला दिलात तरी नाव निघायला तीन दिवस."

लालासाहेबांचा हात खिशापाशी गेला आणि परत आला.

"मग हिचं काय?"

शंभूराज साहेबांनी खुर्चीकडं बघून आवाज खाली आणला. "मॅडमना घरी पाठवावं लागेल."

"म्हंजे?"

"जाण्याची नोंद. अंगठा तुमचाच. त्या गेल्या की मला अधिकार येतो. पण आल्यापासून चार तास झाल्याशिवाय मशीन जाऊ देत नाही. लोक अंगठा लावून बाजारात जायचे, म्हणून मीच तो नियम घातलाय."

"दोन सत्तावीस," लालासाहेब म्हणाले.

"तोपर्यंत मॅडम हजर आहेत," साहेब म्हणाले, आणि रिकाम्या खुर्चीला मान लववून निघून गेले. असं का केलं ते त्यांनाही जिन्यात पोचल्यावर कळलं नसावं.

मग चार तास खोली सात चालू राहिली.

लालासाहेबांनी सामान आवरायला घेतलं. सोनिया मदतीला लागली. साडेअकराच्या सुमाराला दारात खाकरल्याचा आवाज आला. प्राध्यापक वीरधवल उभे होते. हातात प्रोजेक्टर.

"मॅडम," ते खुर्चीकडं बघून म्हणाले, "हा दोन वर्षांपूर्वी नेला होता. परत करायचा राहून गेला. मला काही म्हणू नका." प्रोजेक्टर उंबऱ्यावर ठेवून ते उलट्या पावलांनी गेले.

बघता बघता बातमी पसरली, की मॅडम राहिलेली कामं वसूल करायला आल्या आहेत. साहाय्य कक्षातून पुस्तकं नेलेल्यांची रीघ लागली. आत कुणी येत नव्हतं. उंबऱ्यावर ठेवायचं आणि पळायचं. शब्दकोश आले, छत्री आली, एक टाचणयंत्र आलं. एका पोरानं अर्धी वापरलेली वही ठेवली आणि हात जोडून म्हणाला, "मॅडम, उरलेली कोरी हाय."

"तुमच्या मॅडम एवढ्या कडक व्हत्या?" लालासाहेबांनी विचारलं.

"छ्या! त्या कवाच परत मागायच्या न्हाईत. म्हणून तर कुणी देत नव्हतं."

लालासाहेब पहिल्यांदाच हसले. घरीही त्या काही मागायच्या नाहीत, असं त्यांना सांगायचं होतं. त्याऐवजी त्यांनी शाल घडी करून पिशवीत ठेवली.

दोन वाजून वीस मिनिटांनी दोघं मशीनसमोर जाऊन उभे राहिले. वऱ्हांड्याच्या दुसऱ्या टोकाला पन्नासएक माणसं जमली होती. वर आपल्या खोलीत शंभूराज साहेब बटणावर बोट ठेवून बसले होते. दोन सत्तावीस झाले.

"काका, वाजलं."

लालासाहेब हलले नाहीत.

संध्याकाळी मॅडम त्या समोरच्या पायरीवर बसलेल्या असायच्या. लालासाहेब अंगठा लावायचे, मशीन धन्यवाद म्हणायचं, मग ते त्यांची पिशवी उचलायचे. शेवटच्या दिवशी घाईत अंगठा राहिला होता. म्हणजे मशीनच्या लेखी त्या दिवशी मॅडम आल्या होत्या आणि गेल्याच नव्हत्या. आठ महिन्यांत तेवढी एकच नोंद अर्धी राहिली होती. आज ती पुरी करायची म्हणजे काय, हे सबंध विद्यापीठात एकट्या लालासाहेबांना कळत होतं.

पावणेतीन झाले. तीन झाले. सोनियानं फाईल छातीशी धरली होती. तिनं एकदा घड्याळाकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं, म्हाताऱ्याला दिसू नये म्हणून. पण दिसलं.

त्यांनी अंगठा पँटला पुसला.

"चल, क्रांती," ते रोजच्यासारखं म्हणाले, आणि अंगठा ठेवला.

"धन्यवाद," मशीन म्हणालं. फोटो गेला. वरून साहेबांची आरोळी आली, "झाली! मंजुरी झाली!"

सोनिया लालासाहेबांच्या पाया पडली. मग सात नंबरच्या दाराकडं वळून तिथंही वाकली. त्याच वेळी खिशातले फोन वाजायला लागले. लालासाहेबांचा, केरबाचा, वऱ्हांड्यातल्या पन्नास जणांचा. जाण्याच्या नोंदीलाही मॅडमनी एक निरोप लावून ठेवला होता, हे या गडबडीत कुणाच्या ध्यानात नव्हतं.

"मी निघाले. राहिलेलं उद्या बघू. – क्रांती मॅडम."

वऱ्हांड्यातली माणसं एकमेकांचे फोन बघायला लागली.

"सायेब," केरबा बारीक आवाजात म्हणाला, "उद्या म्हनत्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाला सात नंबरसमोर ब्याऐंशी जणांची रांग होती. सगळे अर्ज पूर्ण भरलेले, सगळे कागद क्रमानं लावलेले. मॅडमच्या हयातीत असं कधी झालं नव्हतं. रांग बघून शंभूराज साहेबांना तिथं येऊन बसावंच लागलं. ते स्टुलावर बसले, आणि तेव्हापासून रोज बसतात. पंखा बंद करायला अजून कुणी धजत नाही.

सोनिया बंगळुरूला गेली. तिचा आठवड्याला फोन येतो. तिथल्या मेंढ्या आपल्याकडच्यांपेक्षा लठ्ठ असतात, असं ती सांगते.

लालासाहेबांनी कपाटाची किल्ली जमा केली. सामान घरी आणलं. शर्ट धुवायला टाकताना ते खिशातली घडी काढून दुसऱ्या शर्टाच्या खिशात ठेवतात. आस्थापना विभागाची दोन स्मरणपत्रं आली आहेत. दाखला द्यायचा अजून राहिला आहे.