आप्पा आणि जर्मलचा रेडिएटर

मल्लिनाथआप्पा कुणालाही ‘बरे आहात का’ असं विचारत नाहीत. समोर गाडी दिसली की आधी तिच्या बॉनेटवर उलटा हात ठेवतात, डोळे मिटतात आणि मग मालकाकडं असं बघतात, की आपण घरात आजारी माणूस कोंडून ठेवलाय असं त्याला वाटावं. लग्नात सगळे नवरदेवाकडं धावतात, आप्पा नवरदेवाच्या गाडीकडं. एकदा आमच्या गल्लीत वैकुंठरथ आला होता. घरची माणसं रडत होती आणि आप्पा ड्रायव्हरला सांगत होते, “ह्येचं पानी बघा. न्हायतर अर्ध्या वाटंत ह्या समद्यास्नी ढकलावं लागंल.”

लोहाऱ्यात, उमरग्याच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं दुकान आहे. चाळीस वर्षं तिथं एकच काम चालतं, रेडिएटर दुरुस्ती. तांब्या-पितळेची जाळी पाण्याच्या हौदात बुडवायची, हवा मारायची, बुडबुडा निघेल तिथं कथील वितळवून डाख द्यायचा. मी इथं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यांच्या घरासमोर भाड्यानं राहते आणि गेली सात वर्षं त्यांची बोलणी खाते. ‘साकु’ हा त्यांचा लाडका शब्द. कानडीत साकु म्हणजे पुरे. रेडिएटरमध्ये पाणी काठोकाठ आलं की साकु, आणि मी हेडमास्तरांबद्दल दोन वाक्यं बोलले की लगेच, “बाई, साकु.”

त्यांचा खरा राग ॲल्युमिनियमवर. आमच्याकडं त्याला जर्मल म्हणतात. नव्या गाड्यांत तेच येतं आणि त्यावर आप्पांचा डाख बसत नाही. त्यामुळं दुकानात उरले ते जुने ट्रॅक्टर आणि म्हातारे ट्रक. “तांबं फुटलं तर जोडता येतंय,” ते म्हणायचे. “जर्मल फुटलं की फेका. आताची मान्सं बी जर्मलचीच.” हे म्हणताना ते माझ्याकडं बघायचे. मी एकटी राहते, माझ्याकडं फारसं कुणी येत नाही, तेव्हा हा टोमणा मला होता की स्वतःला, हे मी कधी विचारलं नाही.

त्यांचा एकुलता मुलगा शिवराज पुण्याला मोठ्या कंपनीत आहे. त्याची आई, काशीकाकू, गेल्यावर तेराव्यापर्यंत राहिला, आणि पुढं तीन वर्षं त्याचं येणं म्हणजे येतो येतो असं सांगणं. गेल्या वर्षी तो खरोखर आला, पण आणला त्याला त्याच्या गाडीनं. हौस म्हणून त्यानं कुणाकडून तरी जुनी परदेशी स्पोर्ट्स कार घेतली होती. लाल, दोनच माणसांची, आणि इतकी बुटकी, की आत बघायला आप्पांना जमिनीवर मांडी घालून बसावं लागलं. मित्रांबरोबर हैदराबादला निघाला होता. जळकोटजवळ गाडी तापली, तेव्हा त्याला बाप आठवला. गाडी ओढत लोहाऱ्यात आणली, अर्धा चहा घेतला आणि तो मित्राच्या गाडीतून पुढं गेला. जाताना म्हणाला, “आप्पा, नीट करून ठेवा. मग आपण दोघंच हिच्यातून नळदुर्गला जाऊन येऊ.”

त्यानंतर दर रविवारी सकाळी दहाला फोन येऊ लागला. माझ्या मोबाईलवर, कारण आप्पांचा फोन बटणांचा आणि शिवराजला गाडी डोळ्यांनी बघायची असे. मी फोन धरून उभी राहायची, आप्पा बॉनेट उघडून दाखवायचे. “एक भोक बुजवलं की बाजूला दुसरं व्हतंय,” ते सांगायचे. “जाळी जुनी हाय. बघतो पुढच्या हप्त्यात.”

पुढचा हप्ता असा आठ महिने चालला. सुरुवातीला बोलणं फक्त रेडिएटरचं असे. मग शिवराज विचारू लागला, गोळ्या घेता का, जेवायला काय केलं. एकदा त्याला आईच्या हातच्या धपाट्यांची आठवण झाली. धपाट्यात काय काय घालायचं हे आप्पांनी त्याला पाऊण तास समजावलं. त्यातलं निम्मं चुकीचं होतं, कारण हा माणूस जन्मात चुलीपुढं बसला नव्हता. मी मध्ये बोलले नाही. माझा हात अवघडला होता, एवढं मात्र आठवतं.

गावात वेगळंच बोललं जात होतं. आप्पांचा हात गेला, म्हणे. चाळीस वर्षं डाख देणाऱ्याला आठ महिन्यांत एक जाळी जमेना. चहाच्या टपरीवर लोक त्यांच्यादेखत हसायचे. नेहमीचे ट्रॅक्टरवाले उमरग्याला जाऊ लागले. आप्पा ऐकून घ्यायचे, उलटून बोलायचे नाहीत. मलाही ते खरं वाटलं. एकदा मी त्यांना कडवटपणे म्हणाले, जमत नसेल तर पोराला सरळ सांगून टाका, माझा रविवार का घालवता. त्यांनी बॉनेट लावलं. “साकु, बाई,” म्हणाले.

होळी झाली आणि कुरिअरनं मोठं खोकं आलं. त्यात चकचकीत ॲल्युमिनियमचा रेडिएटर होता, बाहेरच्या कंपनीचा, खास त्या गाडीसाठी केलेला. रविवारी फोनवर शिवराज म्हणाला, “आप्पा, तुमच्यानं आता होत नाही. राहू द्या. हा नवा फक्त बसवा. पुढच्या रविवारी गाडी न्यायला येतो.”

मला वाटलं आप्पा खवळतील. ते एवढंच म्हणाले, “तू येनार का?”

“येतो म्हणालो ना.”

आप्पांनी त्या रेडिएटरवर नख वाजवलं. “पातेलं हाय,” म्हणाले आणि कामाला लागले. जुनं पाणी सोडलं, पाइप काढले, पंखा काढला, जाळी बाहेर घेतली. नवा रेडिएटर बोटभर जाड निघाला. वरच्या पट्ट्यांची भोकं जुळेनात, मागचा पंखा इंजिनच्या पट्ट्याला घासू लागला. त्यांनी नवी भोकं पाडली, पंखा सरकवून बसवला, ट्यूबचं रबर कापून खाली गाद्या दिल्या. मग गाडीचं तोंड फळ्यांवर उंच करून, टोपण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. आतली हवा निघेपर्यंत, शेवटचा बुडबुडा फुटेपर्यंत ते वाकून बघत होते. ज्याचा हात गेला अशा माणसाला हे सगळं करायला दोन दिवस लागले.

माकणीच्या रस्त्यानं चाचणी घ्यायची होती आणि गाडी तापते का, तो काटा बघायला कुणीतरी हवं होतं. म्हणून त्या लाल गाडीत मी बसले. वेशीपाशी माझे सातवीचे विद्यार्थी ओळीनं उभे राहून बघत होते. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांना आवरता आवरता नाकी नऊ आले. भर उन्हात वीस किलोमीटर जाऊन काटा मध्यावरून हलला नाही. “जर्मल हाय,” आप्पा नाइलाजानं म्हणाले, “पन काम करतंय.”

रविवारी त्यांनी दाढी केली, धुवट धोतर नेसलं, अंगणात सडा मारला. मला म्हणाले, नळदुर्गला जाऊन यायला दुपार होईल, घराकडं लक्ष ठेवा. अकराला सपाट पाठीचा एक ट्रक आला. ड्रायव्हरनं कागद दाखवला. गाडी कोल्हापूरच्या कुणाला तरी विकली होती.

मी फोन लावला. शिवराज म्हणाला, “अरे हो, मॅडम, सांगायचं राहूनच गेलं. इकडं पार्किंगचा फार त्रास होत होता. आप्पांना सांगा, काम एक नंबर झालं.” बाप शेजारीच उभा आहे, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, मीटिंग आहे, नंतर बोलतो.

ट्रकवर चढून, दोर कुठं बांधला तर नव्या रेडिएटरवर दाब येणार नाही, हे आप्पा ड्रायव्हरला दाखवत राहिले.

दुपारी मी ताट घेऊन दुकानात गेले. ते जुनी जाळी हौदात बुडवून बसले होते. हवा मारली. एकाच जागेतून बुडबुड्यांची बारीक सर वर आली. त्यांनी जाळी पुसली, तापलेल्या सळईनं एक डाख दिला, पुन्हा बुडवली. पाणी हललंसुद्धा नाही. चहा गाळायला लागतो तेवढा वेळ.

“आप्पा, एवढंच होतं?”

“एवढंच व्हतं.”

“मग आठ महिने?”

त्यांनी धोतराला हात पुसले. “म्या पयल्याच दिवशी केलं आसतं, तर फोन कशापायी आला आसता, बाई?”

ताट तसंच ठेवून मी घरी आले. स्वतःच्या हाताला गावानं नावं ठेवलेली या माणसानं ऐकून घेतली होती, आणि त्या नावं ठेवण्यात मीही होते.

पुढचे तीन रविवार फोन आला नाही. आप्पा माझ्या ओट्यावर फिरकले नाहीत. मी दहा वाजता मोबाईल उशीखाली घालून ठेवायची, तो गप्प पडलेला बघवत नव्हता.

चौथ्या रविवारी वाजला. शिवराज वैतागला होता. गाडीची दुसरी किल्ली कोल्हापूरवाल्याला मिळाली नव्हती, ती आप्पांकडंच असणार. मी फोन घेऊन समोर गेले. आप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या. “किल्ली व्हय? आसंल हितंच कुटंतर. बघतो.” आणि लगेच, “जेवलास का?”

मग शोधाशोध झाली. आप्पा एकेक फडताळ उघडत होते, मी फोन धरून मागं. शिवराज मध्येच म्हणाला, “थांबा, तो आईचा पानाचा डबा ना?” डबा उघडला. आत सुकलेली सुपारी होती, किल्ली नव्हती. त्या डब्यावर दोघं खूप वेळ बोलले.

आता दर रविवारी किल्ली सापडली का म्हणून फोन येतो. मधल्या एका सकाळी आप्पा नळावर तोंड धुवायला वाकले, तेव्हा कोपरीच्या आतल्या खिशातून ती बाहेर लोंबली. काळ्या दोऱ्यात ओवलेली. त्यांनी ती आत सारली आणि माझ्याकडं बघितलं. मी घागर भरत राहिले.

परवा शिवराजनं मलाच विचारलं, “मॅडम, तुम्हाला तरी दिसली का हो कुठं?”

रोज सकाळी पोरांकडून खरं बोलण्याची प्रतिज्ञा म्हणून घेणारी मी त्याला म्हणाले, “नाही. शोधतोय आम्ही. तुम्ही पुढच्या रविवारी फोन करा.”